खोटी धाप

"दादा, एक विचारू? तुम्ही नर्सिंगवाल्यांशेजारी बसत का नाही?"

विचारलं! खरंच विचारून टाकलं! मागे खांबाआड ऋजुता आणि मिसबा ओढणीचे बोळे तोंडात कोंबून हसत असणार, ते मला न बघताही कळत होतं. पैज त्यांनीच लावली होती. त्या उंच, दाढीवाल्या पत्कीला सगळ्यांच्या देखत हा प्रश्न विचारायचा, नाहीतर महिनाभर दोघींची दप्तरं मी वाहायची. आणि मी म्हणजे काय, तालुक्याच्या नाट्यस्पर्धेत अभिनयाचं पहिलं बक्षीस नुकतंच मिळवलेली अबोली भोपळे! त्या दिवसांत मला कुणी पाण्याच्या टाकीवर चढ म्हटलं असतं, तरी मी वर जाऊन हात हलवला असता. माझं नाव अबोली ठेवणाऱ्या आत्याला तर आमच्या घरी अजून टोमणे बसतात.

पत्कीने चहाचा कप खाली केला. त्याच्याभोवती पांढऱ्या कोटांचा घोळका होता, सगळे एमबीबीएसचे. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला निळ्या गणवेशातली नर्सिंगची मुलं-मुली आणि त्यांच्याजवळ मरून टीशर्टातले फिजिओथेरपीवाले. मधे नुसतीच फरशी. कुणी तिथून चाललं तरी भिंतीला चिकटून जायचं.

"अगं," पत्की हसत म्हणाला, "लग्नात वऱ्हाडी आणि वाजंत्री एका पंगतीला बसतात का कधी?"

घोळका खदखदला. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण पत्कीच्या मागेच रिकामे कप गोळा करत एक निळ्या गणवेशातली ताई उभी होती. प्रेरणा दुधाळ तिचं नाव. ती शांतपणे म्हणाली, "नसतील बसत, सर. पण वाजंत्री नसले तर वरात जागची हलत नाही."

"ओहोहो!" मरून टीशर्टांतून कुणीतरी ओरडलं.

पत्कीचे कान लाल झाले. त्याने कप तिच्या हातातल्या ट्रेमध्ये असा ठेवला, की उरलेला चहा तिच्या बाहीवर उडाला. 'सॉरी' म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं, मी पाहिलं. पण मित्रांकडे बघून मिटलं.

मी पैज जिंकले होते. पण खांबाआड टाळी घ्यायला गेले नाही.

ही गोष्ट मी दहावीत असतानाची. आमच्या गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशी मेडिकल कॉलेज आहे. त्याच आवारात नर्सिंगचं आणि फिजिओथेरपीचंही. तिथले वझरकर सर एक खूळ डोक्यात घेऊन बसले होते. डॉक्टर, नर्स आणि फिजिओथेरपिस्ट जन्मभर एकाच पेशंटभोवती काम करणार, मग शिकताना वेगळे का? म्हणून दर शनिवारी सकाळी तिघातिघांचा एक गट करायचा, प्रत्येक शाखेतला एक, आणि गटाला एक पेशंट द्यायचा. पण सरावासाठी खरा पेशंट कोण देणार? म्हणून सर आमच्या शाळेत आले आणि नाटकातल्या आम्हा तिघींना उचलून घेऊन गेले. खोटे पेशंट! ऋजुताला पोटदुखी, मिसबाच्या हातावर रंगाने केलेली भाजल्याची जखम, आणि मला दमा.

बाबांनी परवानगी सहजी दिली नव्हती. आमचं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे, त्यामुळे बाबा माणसाकडे आधी मापाच्या नजरेने बघतात. त्यांनी वझरकर सरांना आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "पोरीला ओरखडा जरी आला, तरी दुसऱ्या दिवसापासून बंद."

"ओरखडा कसा येईल, भोपळेसाहेब? सगळं खोटं खोटं आहे."

तर त्या शनिवारी चहाच्या आधी सरांनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून सूचना दिल्या होत्या. सगळ्यांना म्हणजे आम्हा पेशंटांना, निळ्यांना आणि मरूनवाल्यांना. पांढऱ्या कोटांच्या खुर्च्या रिकाम्याच होत्या. "येतील," सर दोनदा दाराकडे बघून म्हणाले. आले नाहीत. त्यांचं म्हणणं होतं, सूचना असतात नर्सिंगवाल्यांसाठी, आपल्याला काय गरज. हे मला नंतर कळलं.

"यांच्यापैकी कुणाला खरंच काही झालं तर?" सरांनी आमच्याकडे बोट केलं होतं. "अबोली 'मला खरंच त्रास होतोय' म्हणाली, तर तुम्ही काय समजाल? दम्याचा पेशंटही तेच म्हणेल! म्हणून एक खूण. हात वर आणि तळहात पूर्ण उघडा, पाचही बोटं ताठ. ही दिसली की नाटक तिथल्या तिथे बंद. कोण मोठा, कोण लहान, सगळं विसरायचं."

मी खुर्चीवर उभी राहून खूण करून दाखवली होती. टाळ्याही घेतल्या होत्या.

चहा संपला. दारावर गटांची नावं लावलेली होती. ती वाचून मी कपाळावर हात मारला. माझ्या खोलीत पत्की, प्रेरणाताई, आणि फिजिओचा अर्शद मुजावर.

खोलीत एक खाट, औषधांची स्टीलची ट्रॉली, भिंतीवर पांढरा फळा. वझरकर सर आत डोकावले, "सुरू करा, मी शेजारी मिसबाची जखम बघून आलोच," म्हणाले आणि गेले.

मी खाटेच्या कडेला बसले, खांदे वर घेतले आणि धापायला सुरुवात केली. काय धापले म्हणता! तोंड उघडं, मान पुढे, प्रत्येक श्वासाला बारीक शिट्टी. घरी आरशासमोर तालीम केली होती मी. आई स्वयंपाकघरातून पळत आली होती ती ऐकून.

"नाव काय?" पत्कीने विचारलं.

"अ... बो... ली."

"किती वेळ होतंय?"

"सका... ळ... पासून."

प्रेरणाताई माझी नाडी बघायला पुढे आली. पत्की फळ्याकडे वळता वळता म्हणाला, "सिस्टर, एक मिनिट. आधी मी हिस्टरी विचारून घेतो. मी सांगेन तेव्हा."

"मी नुसती नाडी..."

"मी सांगेन तेव्हा."

ताई मागे झाली. भिंतीला टेकून उभी राहिली. अर्शद तर पहिल्यापासूनच खिडकीपाशी होता. त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. आणि पत्की फळ्यावर लिहायला लागला. हे असू शकतं, ते असू शकतं, याची शक्यता जास्त, त्याची कमी. लिहितच राहिला. मला वाटतं त्याला फळा सोडायचाच नव्हता. मागे वळलं तर दोन माणसं दिसणार होती ना.

आणि मी आपली धापतेय. सरांनी सांगितलं होतं, गटाने औषध दिल्याचं नाटक केलं की हळूहळू शांत व्हायचं. पण इथे औषध येईचना! मी कशी थांबणार? पहिलं बक्षीस मिळवलेली मुलगी मधेच सोडते का?

आधी ओठांना मुंग्या आल्या. मला वाटलं, कोरडे पडले असतील. मग मुंग्या बोटांत उतरल्या. डोकं हलकं झालं, खोली जरा लांब गेल्यासारखी वाटायला लागली. आता बास, असं मी मनात म्हटलं आणि श्वास हळू करायला गेले.

तो होईना.

माझीच धाप, मीच सुरू केलेली, पण आता ती माझं ऐकत नव्हती. जितकी भीती वाटे तितका श्वास जोरात, जितका श्वास जोरात तितकी भीती. छातीवर कुणी कणकेची परात पालथी घालावी तसं झालं. कानांत शूं शूं.

"मला... खरंच..." मी म्हणाले. "खरंच... होतंय..."

पत्कीने मान वळवून पाहिलं आणि चक्क हसला. "वा! अर्शद, बघ बघ. एका श्वासात एक शब्द. पुस्तकात दिलंय अगदी तसं करतेय पोरगी."

खूण! मला खूण आठवली. मी उजवा हात वर केला, बोटं उघडायला गेले, आणि आयुष्यात घाबरले नव्हते इतकी घाबरले. बोटं उघडत नव्हती. अंगठा आत ओढला गेला होता, बाकीची चार त्याच्याभोवती चोचीसारखी गोळा झाली होती. मनगट वाकडं. तो हात माझा नव्हताच. मी मनातल्या मनात किंचाळत होते, उघड, उघड, उघड! डाव्या हाताने ती बोटं ओढावीत, तर डावाही तसाच.

आणि माझी नजर प्रेरणाताईच्या नजरेला भिडली.

तिने पाहिलं होतं. माझा वर गेलेला हात तिने पाहिला होता. ती भिंतीपासून सुटली, अर्धं पाऊल पुढे आली. तिची नजर माझ्या हाताकडे, मग पत्कीच्या पाठीकडे, मग परत माझ्याकडे. मी डोळ्यांनी म्हणत होते, बोल ना गं. ताई, बोल.

ती बोलली नाही.

किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. फार नसेल. पण त्या वेळात मी आईला शेवटचं काय म्हणाले ते आठवून झालं. (पोह्यांत मीठ कमी आहे, असं म्हणाले होते.)

मग फळा, पत्की, खिडकी सगळं एका बाजूला झुकलं. ट्रॉलीची कड मला येताना दिसली.

डोळे उघडले तर मी फरशीवर होते, आणि काहीतरी कोमट भुवईवरून कानाकडे वाहत होतं. वरून पत्कीचा आवाज आला. "रक्ताचा रंगही ठेवलाय वाटतं हिच्याकडे? जबरदस्त!"

"पत्की!" खोलीत असा आवाज घुमला, की शेजारचे लोक दारात आले. प्रेरणाताईच ती. 'सर' नाही, काही नाही. "पत्की, हे खरंय! खूण केली होती तिने!"

"कसली खूण?"

"बोटं बघा तिची," अर्शद गुडघ्यांवर बसत म्हणाला. माझं डोकं त्याने दोन्ही हातांत धरलं. "पार आखडलीत."

पत्कीचा चेहरा कोटाइतकाच पांढरा झाला. पण एक सांगते, तो पळाला नाही. तो सरळ माझ्यासमोर फरशीवर पालथा पडला, गाल जमिनीला टेकवला, म्हणजे त्याचं तोंड माझ्या तोंडासमोर यावं. "अबोली, माझ्याकडे बघ. दमा नाहीये तुला. तू खूप श्वास घेतलायस, म्हणून बोटं आखडलीत. उघडतील. माझ्याबरोबर घे. हळू आत... थांब... हळूऽऽ बाहेर." प्रेरणाताईने भुवईवर कापड दाबलं होतं. तो दाब जराही हलला नाही. अर्शद एकेक बोट चोळत होता, सावकाश, जशी आजी कापसाची वात वळते तशी. मी पत्कीच्या दाढीकडे बघत श्वास घेत राहिले. त्याच्या दाढीत बिस्किटाचा चुरा होता.

अंगठा आधी सुटला. मग एकेक बोट.

अपघात विभागात मला टाके घालत होते, तेव्हा पडद्यापलीकडे भांडण चाललेलं मला सगळं ऐकू येत होतं.

"खूण आम्हाला कुणी सांगितलीच नाही!"

"हॉलमध्ये सांगितली. तुम्ही होतात कुठं?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही गप्प उभ्या राहिलात?"

 यावर वझरकर सरांचाच आवाज आला, थकलेला. "पुरे. प्राचार्य मॅडमनी सोमवारी प्रेरणाला बोलावलंय. पाहून न पाहिल्यासारखं केलं म्हणून काढून टाकायचं म्हणतायत. आणि शनिवारचा हा वर्ग बंद. जो तो आपापल्या खोलीत शिका. तुम्हाला हवं होतं तेच झालं."

मला सुईपेक्षा ते जास्त टोचलं. माझ्यासाठी ओरडलेल्या ताईलाच काढणार? आणि पंगत मोडली ती माझ्या कपाळावरून?

मग बाबा आले. त्यांनी काय काय म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. शेवटचं एवढंच, "सोमवारी मी येतो प्राचार्यांकडे. बघतो एकेकाला."

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी बेल वाजली. आईने दार उघडलं तर बाहेर पत्की, हातात शहाळं. आणि पायऱ्यांवर मागून प्रेरणाताई येत होती. तिच्याही हातात शहाळं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"या," बाबा आतून म्हणाले. ते 'या' ऐकलं असतंत तर तुम्ही परत गेला असता.

आईने पाणी आणलं. वैऱ्यालाही पाणी देते ती. दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसले, मधे एका माणसाची जागा सोडून. मला त्याही परिस्थितीत हसू आलं, पण हसलं की टाके ओढायचे.

"काका," पत्की म्हणाला, "चूक माझी आहे. मी सूचनांना गेलो नाही. प्रेरणाला काढू नका असं मी मॅडमना सांगणार आहे. तुम्हीही..."

"मी काय सांगायचं ते मी बघेन," बाबा म्हणाले.

पत्की माझ्याकडे वळला. "तू काल मला एक विचारलं होतंस. मी वाजंत्र्यांचं काहीतरी बोललो. ते खरं उत्तर नव्हतं."

"मग खरं काय?"

तो ग्लासाकडे बघत म्हणाला, "भीती. वॉर्डात पेशंटचे नातेवाईक मला डॉक्टर म्हणतात आणि मला अजून धड शीर सापडत नाही. आपल्या लोकांत बसलं की बरं असतं, सगळेच कच्चे. हिच्या शेजारी बसलो, तर हिला कळेल."

"मला काय येतं म्हणून मला कळेल?" प्रेरणाताई एकदम म्हणाली. "परवा सलाइन लावताना मीच रडले होते." मग ती बाबांकडे वळली. "काका, यांनी सगळं आपल्या अंगावर घेऊ नये. मी खूण ओळखली होती. पूर्ण नव्हती, पण ओळखली होती."

"मग बोलली का नाहीस?" आईने विचारलं. एवढा वेळ ती दाराशीच उभी होती. "घाबरलीस का याला?"

"तसंच सांगितलंय मी सगळ्यांना. घाबरले म्हणून." ताईने बाहीवरचा न दिसणारा डाग पुसला. "पण तसं नव्हतं, काकू. माझ्या बाहीवर यांचा चहा होता. मला वाटलं, बोलू नकोस. चुकू दे याला. एकदा तरी सगळ्यांसमोर तोंडावर पडू दे."  "मी थांबले, तो पडावा म्हणून. पडली ही."

  पत्कीने ताईकडे पाहिलं, रागाने नाही. आपल्याच घरातली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी तसं.

दोघं गेले. मी गच्चीवरून वाकून पाहिलं. फाटकापर्यंत दोघं पुढे-मागेच चालत गेले. पण फाटक लावताना अडकतं, आमचं जुनंच दुखणं आहे ते. पत्कीने खेचलं, ते लागेना. ताईने खालून उचललं, मग लागलं.

मी खाली आले तेव्हा बाबांनी फोन हातात घेतला होता. "ऐकलंस ना?" ते आईला म्हणत होते. "मुद्दाम! मुद्दाम गप्प बसली ती पोरगी. आत्ताच प्राचार्यांच्या कानावर घालतो. दोघांनाही घरी बसवतो. आणि तो वर्ग तर बंदच."

"बाबा, फोन ठेवा."

"तू आत जा. डोकं दुखेल."

"डोकं दुखतच आहे. फोन ठेवा आधी." माझा आवाज मलाच नवा वाटला. नाटकातला नव्हता तो.  मी हात पाठीमागे धरून बोटं उघडून पाहिली. उघडत होती. "बाबा, काल पडले तेव्हा माझ्यासाठी तिघं होते. तिघांनी मिळून केलं म्हणून मी उठले. आधी तिघं वेगवेगळे होते म्हणून पडले. तुम्ही त्यांना परत वेगवेगळं करताय. मग खरा पेशंट आला की?"

"ते आपण का बघायचं? तुझं कपाळ फुटलंय, अबोली!"

"माझंच फुटलंय ना? मग मी ठरवते."

आईने बाबांच्या हातातून फोन घेतला आणि टेबलावर उपडा ठेवला. "बोलू दे तिला," ती म्हणाली.

मी दीर्घ श्वास घेतला. हळू आत. थांबले. हळू बाहेर.

"उद्या प्राचार्यांकडे तुमच्याबरोबर मी येणार. ताईला काढू नका, हे मी सांगणार. आणि टाके निघाले की पुढच्या शनिवारी मी परत जाणार आहे. पेशंट व्हायला. दमाच घेणार. फक्त खूण या वेळी मी सांगणार, सगळ्यांना एका खोलीत बसवून. आणि मधे एक जरी खुर्ची रिकामी दिसली ना, तर मी आजारीच पडणार नाही!"